एलियान रादीग : एकाच सुराच्या मागे पन्नास वर्षं

खर्जातला_सा

इथे शास्त्रीय संगीतावर, नाट्यपदांवर, जुन्या गाण्यांवर इतक्या छान चर्चा होतात, पण इलेक्ट्रॉनिक संगीत म्हटलं की गाडी डीजे नाहीतर रिमिक्सवर येऊन थांबते. म्हणून हा धागा काढतोय, एलियान रादीग या फ्रेंच संगीतकार बाईंवर. बरीच वर्षं त्यांचं काम ऐकतोय आणि मला मनापासून वाटतं की तानपुऱ्यावर कान तयार झालेल्या माणसाला हे संगीत पॅरिसवाल्यांपेक्षा लवकर लागेल.

जन्म २४ जानेवारी १९३२, पॅरिस. आधी पियानो, मग हार्प, म्हणजे सुरुवात अगदी चारचौघींसारखी. लग्न आर्मान या शिल्पकाराशी झालं (नंतर फार मोठं नाव झालं त्याचं), तीन मुलं झाली, संसार नीस शहरात, विमानतळाजवळ. विमानांच्या आवाजाने शेजारीपाजारी वैतागायचे असतील, बाई मात्र तो आवाज मन लावून ऐकायच्या, इंजिनाची एकसलग घरघर जवळ येताना आतून कशी कशी बदलते ते. त्याच सुमारास रेडिओवर पिएर शेफेरची रचना कानावर पडली. शेफेरने १९४८ साली आगगाडीचे आवाज रेकॉर्ड करून त्यांचे तुकडे जुळवून संगीत केलं होतं. बाईंना तिथेच कळलं की आपण ऐकतोय त्यालाही संगीत म्हणता येतं.

मग पॅरिसला शेफेर आणि त्याचा सहकारी पिएर आँरी यांच्याकडे जाऊन त्या टेपचं काम शिकल्या. ब्लेडने टेप कापायची, चिकटपट्टीने जोडायची, सेकंदाचा बारीक तुकडासुद्धा हाताने मोजून. पण घर नीसला, मुलं लहान, तिथे स्टुडिओ कुठला असणार. शिकलेलं कित्येक वर्षं नुसतं डोक्यात राहिलं. १९६७ मध्ये नवऱ्यापासून वेगळ्या होऊन पॅरिसला परत आल्या आणि आँरीच्या स्टुडिओत असिस्टंट म्हणून लागल्या. पस्तिशीत! आँरीच्या एका प्रचंड मोठ्या रचनेसाठी राबराब राबल्या, १९६८ साली ती झाली आणि त्यानंतर बाहेर पडून घरी स्वतःचं काम सुरू केलं, दोन टेपरेकॉर्डर घेऊन.

आता खरी गंमत. सभेत माइक स्पीकरसमोर आला की कुईई करून किंचाळतो आणि माइकवाला धावत जातो, बरोबर? त्यालाच फीडबॅक म्हणतात. बाईंनी तोच आवाज धरला. माइक स्पीकरपासून अशा अंतरावर ठेवायचा की आवाज किंचाळायच्या अलीकडेच राहील, मग बोटभर पुढे बोटभर मागे, की त्यात हळूहळू धडधड येते, खोल गुंजन येतं, मध्येच एक बारीक शिट्टी वर येऊन विरते. थोडं जास्त जवळ गेलं की सगळं फाटतं, लांब गेलं की मरतं. या एवढ्याशा जागेत त्यांनी दोनतीन वर्षं काम केलं. शेफेर आणि आँरीच्या पंथाला हे रुचण्यासारखं नव्हतंच, त्यांचं सगळं कापण्या-जोडण्यावर उभं, आणि ही बाई आवाज कापायलाच तयार नाही, तो लांबवतेय.

१९७० च्या सुमारास न्यूयॉर्कला गेल्या. तिथल्या विद्यापीठाच्या स्टुडिओत बुक्ला नावाचा सिंथेसायझर (विजेवर सूर तयार करणारं यंत्र) होता आणि लॉरी स्पीगल, ऱ्हीस चॅटम ही तरुण मंडळी त्याच खोलीत पाळीपाळीने काम करत होती. तिथून परतताना बाईंनी आर्प २५०० हा सिंथेसायझर घेतला आणि त्याचा कीबोर्ड मुद्दाम अमेरिकेतच सोडून आल्या. पट्ट्या दाबायच्या मोहातच पडायचं नाही म्हणून. मग पंचवीसेक वर्षं हेच एक वाद्य.

सध्या इतकंच, पुढचं चर्चेत लिहीन. कोणी ऐकलंय का यांना?

कर्जत_लोकल

धागा वाचून सकाळी लोकलमध्ये मोबाइलवर लावलं. दहा मिनिटं झाली, नेरळ गेलं, वांगणी गेलं, काहीच घडेना. एकच हूं हूं चालू. प्रामाणिकपणे विचारतोय, टवाळी नाही, याला संगीत का म्हणायचं? सूर नाही, ताल नाही, आलाप म्हणावा तर तेही नाही.

खर्जातला_सा

@कर्जत_लोकल, प्रश्न एकदम रास्त आहे. पहिली गोष्ट, लोकलमध्ये नको. गाडीचा स्वतःचा खर्ज इतका मोठा असतो की बाईंच्या रचनेतला खालचा अर्धा भाग त्याच्यात बुडून जातो, आणि मोबाइलच्या स्पीकरमधून तो भाग मुळात येतच नाही. खोलीत, बऱ्यापैकी स्पीकरवर, आवाज मध्यम ठेवून ऐका. बाई स्वतः कार्यक्रमात स्पीकर असे लावून घ्यायच्या की आवाज त्या डब्यातून येतोय असं वाटू नये, भिंतीवरून फिरून खोलीतूनच उमटतोय असं वाटावं. सगळी मांडणी त्यावर अवलंबून.

दुसरं, "काहीच घडत नाही" हे. समजा एक सूर सेकंदाला ४४० कंपनांचा आणि दुसरा ४४१ चा, दोन्ही एकत्र वाजवले तर कानाला दोन सूर ऐकू येत नाहीत, एकच येतो पण तो सेकंदाला एकदा फुगतो आणि बसतो. फरक दोनचा केला की दोनदा. बाई हा फरक इतका हळू बदलत नेतात की एका ठेक्यातून दुसऱ्यात कधी गेलो ते कळतच नाही. ताल आहे, पण तो तबल्याचा नाही, दोन सुरांच्या घासण्यातून आलेला आहे. दहा मिनिटांनी रचना मागे नेऊन सुरुवात ऐका, ती वेगळीच निघेल. मधला बदल तुमच्या कानासमोर झाला आणि सुटला.

तरफेची_तार

मिरजेहून लिहितेय, आमच्याकडे घरात वाद्यांचं काम आहे त्यामुळे राहवलं नाही. वर जे लिहिलंय ते जवारी लावणाऱ्या कारागिराला समजावून सांगावं लागणार नाही. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा कानशीने घासून असा किंचित उतार काढतात की तार त्याच्यावर टेकते न टेकते अशी राहते, आणि मग खाली दोरा सरकवायचा, केसभर. दोरा एका जागी आला की तार एकदम बोलायला लागते, वरचे स्वर फुलासारखे उघडतात. गंधार कोणी छेडलेला नसतो पण खर्जाच्या तारेतून स्वच्छ ऐकू येतो. ज्यांना तो पहिल्यांदा ऐकू येतो त्यांचा चेहरा बघावा.

मी काल रात्री बाईंची ती कैलास पर्वतावरची रचना ऐकली. पहिली पाच मिनिटं मी नकळत दोरा कुठे आहे तेच शोधत होते 🙂 बाई तो दोरा तासभर सरकवतात, इतकंच.

अजून एक. बाई न्यूयॉर्कमध्ये होत्या साधारण त्याच दिवसांत, १९७० मध्ये, किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ तिथे पोचले होते आणि ला माँट यंग, टेरी रायली हे तिकडचे मोठे संगीतकार त्यांचे गंडाबंध शिष्य झाले. किराणा म्हणजे सुराची बढत, एका सुरावर थांबून त्याचं पोट बघणं. अब्दुल करीम खाँसाहेब तर आमच्या मिरजेचेच झाले. प्राणनाथांचे गुरू अब्दुल वहीद खाँ, त्याच घराण्याचे. बाई प्राणनाथांकडे शिकल्या असं मी म्हणत नाहीये, पण ज्या शहरात त्या सिंथेसायझरवर एकेक सूर तासन्‌तास ऐकत होत्या त्याच शहरात कुणीतरी तानपुरा लावून सा म्हणत होतं, हे मला फार मोठं वाटतं.

खर्जातला_सा

तरफताई, क्या बात है! दोरा सरकवण्याचं अगदी पटलं. गंधाराचं लिहिलंत तेच बाईंच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं, त्यांचं सगळं लक्ष मूळ सुरापेक्षा त्यातून आपोआप निघणाऱ्या वरच्या सुरांकडे असतं.

पाटी_पेन्सिल

साउंडचं काम करतो (मराठी नाटक, मधूनमधून डबिंग), त्यामुळे तांत्रिक बाजूवर थोडं लिहितो, कारण त्याशिवाय या कामाची मेहनत कळणार नाही.

त्या काळचे बहुतेक मोठे मॉड्युलर सिंथेसायझर म्हणजे वायरींचं जंगल, एका खोक्यातून दुसऱ्यात केबल खुपसायची. आर्प २५०० मध्ये केबलऐवजी सरकणाऱ्या बटणांच्या रांगा आहेत, वर एक आणि खाली एक, बटण सरकवून कुठला आवाज कुठे न्यायचा ते ठरवायचं. मध्ये ऑसिलेटर (सूर काढणारा भाग), फिल्टर (तो सूर गाळणारा) वगैरेंच्या मुठी. बाई त्या मुठी फिरवायच्या, पण फिरवायच्या म्हणजे किती तर नुसता बोटाचा दाब बदलण्याइतक्या. ऑसिलेटर गरम झाला की स्वतःच सुरातून सरकतो, तेही सांभाळायचं.

आता मिक्सिंग. आज आपण कॉम्प्युटरवर ट्रॅक टाकतो, चुकलं की अनडू. बाई एकेक लांब पट्टा आधी टेपवर रेकॉर्ड करायच्या आणि मग दोनतीन टेपरेकॉर्डर एकदम चालवून एक आवाज खाली नेत दुसरा वर आणत शेवटची टेप करायच्या. सलग. तासाची रचना असेल तर तासभर हात आणि कान तिथेच. पन्नासाव्या मिनिटाला खट्‌ झालं की पहिल्यापासून परत. टेप कापून जोडायची नाही का? नाही, कारण सांधा ऐकू येतो, आणि यांच्या संगीतात तर टाचणी पडली तरी ऐकू येते. एकेका रचनेला दोन दोन तीन तीन वर्षं लागायची ती यामुळे.

मी बारा सेकंदांचा फेड (आवाज असा हळूहळू वर-खाली नेणं) नीट जमावा म्हणून किती वेळा रिटेक घेतो ते माझं मला माहीत. ही बाई पंधरा मिनिटांचा फेड हाताने घेते आणि तुम्हाला कळत नाही की तो झाला. मला विचाराल तर सहायक म्हणून आँरीकडे जी टेप कापली त्याचं पुण्य हे. सांधा कसा दिसतो ते हजारदा बघितलेल्या माणसालाच सांधा नसलेलं काम करता येतं.

ओसरी

मला संगीतातलं फार कळत नाही पण वाचताना एका गोष्टीवर अडकले. पंचविशीच्या आतबाहेर शिकल्या आणि स्वतःचं काम सुरू झालं पस्तिशीनंतर. मधली वर्षं घर आणि मुलं. नवरा तोपर्यंत मोठा कलाकार, लोक त्यांना त्याची बायको म्हणून ओळखणार. किती जणींचं इथेच संपतं. आईच्या पिढीतल्या गाणाऱ्या बायका आठवा, रेडिओची ऑडिशन पास झालेल्या, लग्नानंतर गाणं हळदीकुंकवापुरतं उरलेल्या.

पण मला असंही वाटतं की ती वर्षं रिकामी नव्हती. विमानतळाजवळ राहून कान तयारच होत होता ना? हातात वाद्य नसतानाही ऐकणं चालू होतं. आणि पुढेही बाई कुठल्या संस्थेच्या नोकरीत नव्हत्या का? खर्चाचं कसं चालायचं?

खर्जातला_सा

ओसरी, ते ऐकण्याचं तुम्ही अगदी नेमकं पकडलंत. माझंही म्हणणं तेच आहे की बाईंची कारकीर्द म्हणजे साधनांची कारकीर्द नव्हेच, फीडबॅक, मग सिंथेसायझर, मग (पुढे येईलच) माणसांनी वाजवलेली साधी वाद्यं, साधनं तीनदा बदलली पण शोधतायत ती गोष्ट एकच, विमानांच्या आवाजात ऐकलेली.

नोकरी म्हणाल तर पॅरिसला सरकारी पैशावर चाललेला मोठा स्टुडिओ होता, शेफेरचाच, तिथे त्या नव्हत्या. सगळं काम घरी. कार्यक्रम आधी न्यूयॉर्कच्या गॅलऱ्यांत, कलावंतांनी चालवलेल्या छोट्या जागांत, शंभर खुर्च्यासुद्धा नसतील अशा. १९७३ मध्ये 'द किचन' नावाच्या अशाच जागी त्यांचा कार्यक्रम झाला. १९८४ मध्ये फ्रेंच सरकारकडून रचनेसाठी वृत्ती मिळाली. रेकॉर्डचं तर विचारूच नका, सत्तरीच्या दशकातलं बरंचसं काम लोकांच्या हातात यायला २००० नंतरचा काळ उजाडला.

कर्जत_लोकल

रविवारी घरी स्पीकरवर ऐकलं, पाऊण तास. बायको म्हणाली फ्रीज बिघडलाय का बघा. पण हो, विसाव्या मिनिटाच्या आसपास काहीतरी वर आलं, घंटेसारखं, लांबून. ते नक्की वाजत होतं की मला भास झाला?

तरी माझा दुसरा प्रश्न उरतोच. ड्रोन ड्रोन (म्हणजे हे असे एकसलग लांबवलेले सूर) सगळे सारखेच ना? ला माँट यंगने हेच साठीच्या दशकात केलं होतं असं वाचलं. मग यांचं वेगळं काय?

पाटी_पेन्सिल

वाजत होतं. दोनतीन सूर जमले की त्यांच्या बेरीज-वजाबाकीतून कानातच आणखी सूर तयार होतात, शिवाय भिंतींवरून परतणारा आवाज खोलीत कुठे वाढतो, कुठे मरतो, त्यामुळे मान वळवलीत तर तो घंटेचा आवाज बदलेल, खोलीत दोन पावलं चाललात तर गायबही होईल. करून बघा.

यंगचं म्हणाल तर तो एका खोलीत सूर लावून ठेवतो, ते ठरलेले असतात, गणिताने, आणि ते तसेच टिकवून ठेवायचे, बदल तुमच्या हालचालीतून येतो. रादीगबाईंकडे सूर स्वतः प्रवास करतो. सुरुवातीला जो होता तो शेवटी नसतो. दोघांना एका पेटीत टाकणं मला पटत नाही.

मधली_सुट्टी

धाग्याशी थोडं अवांतर, पण आपल्याकडेही हे सगळं आलं होतं हे नोंदवून ठेवते. अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) १९६९ मध्ये मूग सिंथेसायझर आणून बसवला होता, अमेरिकेचे डेव्हिड ट्यूडर आले होते त्यासाठी. गीता साराभाई आणि इतर काही जणांनी त्याच्यावर रचना केल्या. त्या टेप कित्येक वर्षं तशाच कपाटात पडून होत्या, अलीकडे बाहेर आल्या. रादीगबाई न्यूयॉर्कला गेल्या त्याच्या वर्षभर आधीची गोष्ट ही! आपल्याकडे तो स्टुडिओ थोड्या वर्षांत बंद पडला. एक माणूस एकाच यंत्रासमोर पंचवीस वर्षं बसला असता तर काय निघालं असतं असं फार वाटत राहतं.

तरफेची_तार

सा, बौद्ध धर्माचं लिहिणार होतात ना? कैलास कुठून आला यांच्याकडे?

खर्जातला_सा

हो, लिहितो, जरा लांब होईल.

१९७४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मिल्स कॉलेजात 'अदनोस' ही रचना त्यांनी ऐकवली. कार्यक्रमानंतर काही फ्रेंच विद्यार्थी येऊन त्यांच्याशी बोलले, या संगीताचं नातं ध्यानाशी आहे असं त्यांचं म्हणणं, आणि तिथून बाई तिबेटी बौद्ध धर्माकडे वळल्या. नुसतं पुस्तकी नाही, फ्रान्समध्येच आलेल्या पावो रिंपोचे या गुरूंकडे राहिल्या, साधनेला बसल्या, आणि तीनेक वर्षं संगीत पूर्ण बंद. त्यांना वाटलं आता हेच. गुरूंनीच परत पाठवलं, जा, संगीत कर. मग 'अदनोस'चे पुढचे दोन भाग झाले, १९८० पर्यंत.

त्यानंतर मिलारेपा. लडाख-स्पितीला जाऊन आलेल्यांना हे नाव गोंपांच्या (बौद्ध मठांच्या) भिंतींवर दिसलं असेल, उजव्या कानाला हात लावून गाणारा हिरवट रंगाचा योगी. अकराव्या-बाराव्या शतकातला. तरुणपणी जादूटोण्याने माणसं मारली, मग पश्चात्ताप, मग मार्पा या गुरूकडे गेला तर गुरूने एकट्याच्या हाताने दगडी बुरूज बांधायला लावले आणि बांधून झाले की पाडायला लावले. पुढे गुहेत राहून त्याने गाणी रचली. बाईंनी १९८३ मध्ये त्या गाण्यांवर काम केलं, तिबेटी लामा कुंगा रिंपोचे मूळ तिबेटीत म्हणतात, अमेरिकन संगीतकार रॉबर्ट ॲशली शांत आवाजात इंग्रजीत वाचतात आणि खाली आर्पचा सूर. १९८६ मध्ये 'जेत्सुन मिला', मिलारेपाचं सगळं चरित्र, यावेळी शब्दाशिवाय. ज्यांना ड्रोन एकदम अवघड जातो त्यांनी ही गाणी आधी ऐकावीत, माणसाच्या आवाजाचा आधार मिळतो.

आणि मग ती तीन भागांची रचना, 'त्रिलॉजी द ला मोर', मृत्यूची. जवळजवळ तीन तास. पहिला भाग 'क्येमा' १९८८ चा, बार्दो थोदोल म्हणजे मेल्यानंतर पुढच्या जन्मापर्यंतच्या मधल्या अवस्थांचा जो तिबेटी ग्रंथ, त्याच्यावर. १९८९ मध्ये बाईंचा मुलगा ईव्ह मोटार अपघातात गेला. 'क्येमा' त्याच्या नावाने आहे. त्यानंतर दुसरा भाग 'कैलाशा', कैलास पर्वताची मनातल्या मनात केलेली परिक्रमा, १९९१. त्याच वर्षी गुरूही गेले. तिसरा 'कुमे', १९९३.

मला या तीन भागांत मोठ्याने रडणं कुठेच ऐकू येत नाही. 'क्येमा'त खालून एक जड नाद येतो, तो येतो आणि जात नाही, वरचे सूर एकेक करून त्याच्यातून सुटत राहतात. माझे वडील गेले त्या महिन्यात मी फक्त हे ऐकू शकत होतो, शब्द असलेलं काहीच सहन होत नव्हतं. यापेक्षा जास्त त्याबद्दल लिहिता येणार नाही.

ओसरी

वाचून थांबले थोडा वेळ. मुलाच्या जाण्यानंतर आईने परिक्रमा करायला घ्यावी, तीही पॅरिसच्या घरात यंत्रासमोर बसून, आणि ती पूर्ण व्हायला दोन वर्षं लागावीत. नर्मदा परिक्रमेला जाणाऱ्या बायका भेटल्या आहेत मला, कुणाचा मुलगा गेलेला, कुणाचा नवरा. त्या चालतात. या सूर धरून चालल्या.

मंद्र_व्हायोलिन

मी व्हायोलिन शिकवते. वर साध्या वाद्यांचं म्हणालात त्याची वाट बघतेय. इतकी वर्षं यंत्रावर काम केलेल्या बाईंनी वाजवणाऱ्यांकडून काय करून घेतलं? नोटेशन कसं लिहिलं असेल याचा?

खर्जातला_सा

लिहिलंच नाही!

सिंथेसायझरवरची शेवटची मोठी रचना २००० सालची, एका बेटावर आणि पाण्यातल्या त्याच्या प्रतिबिंबावर, पाऊण तासापेक्षा थोडी मोठी. तिला २००६ मध्ये ऑस्ट्रियाच्या आर्स इलेक्ट्रॉनिकाचा सगळ्यात मोठा पुरस्कार मिळाला, गोल्डन निका. पण तोपर्यंत बाई यंत्र सोडून पुढे गेल्या होत्या. सत्तरी ओलांडल्यावर एका बास वाजवणाऱ्याने आग्रह केला आणि २००४ मध्ये त्याच्यासाठी रचना झाली, आणि मग अमेरिकन चेलोवादक चार्ल्स कर्टिस यांच्याबरोबर 'नाल्ज्योरलाक', २००५.

तुम्ही तंतुवाद्यवाल्या, तुम्हाला वुल्फ टोन माहीतच असणार. इतरांसाठी सांगतो, चेलोच्या लाकडी खोक्याचा स्वतःचा एक सूर असतो, आणि तारेवर नेमका तोच सूर धरला की खोकं आणि तार एकमेकांशी भांडायला लागतात, आवाज थरथरतो, अडखळतो. सगळे वादक तो टाळतात, त्यासाठी तारेला वजन लावतात. बाई आणि कर्टिसने उलट केलं, अख्खा चेलो त्या सुरात लावला, चारी तारा आणि तारा जिला बांधतात ती शेपटाकडची पट्टीसुद्धा. मग तासभर त्या अस्थिर जागेवर बो (गज) फिरवायचा. ऐकलं की वाटतं हा तर आर्पच वाजतोय. आणि मला तर त्या आधीचा फीडबॅकही आठवतो, किंचाळायच्या अलीकडची ती जागा.

पुढे २००९ पर्यंत त्यात दोन बॅसेट हॉर्नवाले (क्लॅरिनेटच्या जातीचं वाद्य) आले, आणि २०११ पासून 'ऑकम ओशन' ही मालिका, एकेका वादकासाठी एकेक रचना, मग त्यांच्या जोड्या, तिकड्या, पुढे अख्खा वाद्यवृंद. पद्धत अशी की वादक बाईंच्या घरी जायचा, दोघं पाण्याचं कुठलंतरी एक चित्र ठरवायचे, नदी, समुद्र, जे असेल ते, आणि मग वादक वाजवणार, बाई ऐकणार, बोलणार, परत वाजवणार. कागद नाही. ती रचना त्या वादकाची होते आणि पुढे कुणाला द्यायची तर त्याच पद्धतीने, तोंडी.

मंद्र_व्हायोलिन

म्हणजे तालीमच की ही! समोर बसून, कानाने. मला वाटलं होतं यंत्रावर काम करणारी व्यक्ती वादकालाही यंत्रासारखं वापरेल, इथे तर वादकाची स्वतःची सवय, त्याचं वाद्य, त्याचा श्वास यातूनच रचना निघतेय.

वुल्फ टोनबद्दल एक सांगते. विद्यार्थ्यांना मी तो दाखवते आणि लगेच सांगते की इथे बो हलका ठेव, पटकन पुढे जा. उद्या एकीला तिथेच थांबायला सांगणार आहे, बोचा दाब जराही न वाढवता. तो थरथराट किती संथ करता येतो ते बघायचंय.

कर्जत_लोकल

मान वळवून बघितली, खरंच बदलतो तो आवाज! पोराला बोलावून दाखवलं, तो खोलीभर फिरून कुठे मोठा कुठे बारीक ते शोधत बसला. आता पुढे काय ऐकू सांगा, क्रमाने.

खर्जातला_सा

आधी मिलारेपाची गाणी. मग २००० ची ती बेटावरची रचना, तिच्यात मध्यावर माणसांच्या आवाजासारखे सूर येतात, तुम्हाला आवडेल. मग 'क्येमा' एकटीच, तिन्ही भाग एका दमात नको. 'नाल्ज्योरलाक' त्यानंतर. फीडबॅकचं काम सगळ्यात शेवटी, ते जरा खरखरीत आहे. आणि पोराला ऑकममधली हार्पवरची रचना ऐकवा, ऱ्होड्री डेव्हिसने वाजवलेली, त्या मालिकेतली पहिलीच. हार्पची तार छेडण्याऐवजी तो तिच्यावर बो फिरवतो. बाई लहानपणी हार्प शिकल्या होत्या हे वर लिहिलंच आहे.

तरफेची_तार

कर्जतकर, मिरजेला आलात तर पोराला घेऊन या, दोरा सरकवताना जवळून दाखवते. दुपारी चारनंतर या, सकाळी कानशीचा आवाज फार असतो.